रोजचं वजन

शेखरच्या गाडीला पुढच्या चाकांपाशी धक्के शोषणारे चार रबरी बुश होते. दोन चिरलेले, एकाचा भुगा झालेला आणि चौथ्याच्या जागी कुणीतरी सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला. गाडीचं वय एकोणीस वर्षं. त्याची बहीण जयश्री त्याच्यासोबत याच गाडीतून दर सोमवारी वैशाखऱ्याहून मुरबाडच्या एका खानावळीत एकशे वीस अंडी पोचवायची. गेल्या सोमवारी सतरा फुटली. मालकीण म्हणाली, "पुढच्या खेपेला दोनाच्या वर फुटली तर येऊच नको."

शेखर पदार्थविज्ञानाचा पदवीधर. त्याने गाडी जॅकवर उचलली, नवे बुश बसवले आणि ठरलेल्या जोराला खट्ट वाजणाऱ्या मोजमापाच्या पान्याने प्रत्येक बोल्ट बरोबर नव्वद न्यूटन-मीटरवर आवळला. सोमवारी सकाळी बारा अंडी ठेवून गावातून फेरी मारली. गाडी पाळण्यासारखी कुरकुरत होती. तीन फुटली. म्हणजे चौदा टक्क्यांवरून पंचवीस.

"जुनेच बरे होते रे," जयश्री म्हणाली आणि गोजरकाकांना बोलावून आली.

काकांनी कसाऱ्याला तीस वर्षं ट्रक दुरुस्त केलेले. त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला, एकदाच दाबला.

"चाकं लोंबत व्हती तवा आवळलंस ना?"

"हो. नव्वदवर."

"नव्वद बरोबर हाय. पण गाडी खाली आली की रबर पिळतंय. बोल्ट ढिले करू, गाडी चाकांवर उभी करू. रोजचं वजन बसव, मंग आवळतो."

एका दाबात एवढं कळतं, हे शेखरने मनातच नोंदवलं. शेताच्या चराच्या दोन्ही काठांवर चाकं ठेवून गाडी उभी केली. काका शेखरचा पाना घेऊन चरात आडवे झाले. शेखर आणि जयश्री पुढे बसले. अंड्यांऐवजी हिशोबाने सात किलो तांदूळ मागे ठेवले.

गाडीत माणसं बसलेली दिसल्यावर शेजारच्या रंगूमावशी पिशवी घेऊन धावतच आल्या.

"मुरबाडला ना? थांब रे!" आणि त्या मागे बसल्यासुद्धा. पाठोपाठ गावातलाच सुदाम.

"मावशी, गाडी जात नाय. वजन मोजून ठेवलंय!" जयश्री म्हणाली.

"मंग माझं नको का मोजायला? दर सोमवारी मी नाय तर कोण बसतं?"

"उतरा ना, मावशी!"

"कोणी उतरू नका!" चरातून काकांचा आवाज आला. "मावशी, बसा नीट. शेखर, रोज किती जणं असतात रे?"

शेखरने आठवून बघितलं. मावशी आणि सुदाम एकाही सोमवारी चुकले नव्हते.

"चार," तो म्हणाला.

"मंग हेच रोजचं वजन!"

चार वेळा खट्ट वाजलं. काका मातीने माखून वर आले. पाना त्यांनी शेखरच्या हातात दिला. "चांगला हाय रे तुझा पाना. खोटं बोलत नाय."

तांदूळ उतरवले, अंडी चढवली. मुरबाडला मालकिणीने स्वतः एकेक अंडं उजेडाकडे धरून बघितलं.

माणसं चार, अंडी एकशे वीस, तडकलेलं एक.