मानाच्या पिकपच्या हौद्याची बखर

श्री. चाके फिरविणारी आणि फिरती चाके थांबविणारी जी शक्ती, तीस दंडवत. शके १९१२, प्रमोदनाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यी, नाव सांगणे नलगे, रथशाळेचे कारभारी विसाजीपंत यांस सगुणाबाईंच्या पत्राची आठवण जाहाली. उत्तर राहिले होते. बाईंचे यजमान जुन्या पिकपगाडीतून डोंगरवाड्यांस पाणी पोचवीत, ते निवर्तल्यावर बाईंनी गाडी सरकारास अर्पिली, आणि मग लेकीकडे राहावयास गेलियावर लिहिले, "पंत, गाडी चालते की उभी आहे? उभी असली तर मोडीत काढा, पण हार घालून ठेवू नका." आणि गाडी तर हार घालूनच ठेविली होती. मानाचे वाहन, ओझे लादणे बेअदबी, म्हणोन पत्रा गंजला, टायर बसले, आणि वाड्यांच्या बायका पुन्हा डोईवर हंडे घेऊन चढू लागल्या. पंत पुस्तकी, बहुत भिडस्त. "उभी आहे" लिहावयास हात धजेना आणि खोटे लिहवेना.

ऐशात दरबारातून आज्ञा आली, "गाडी चालती करावी. हौदा उत्तम करावा. दसऱ्यास स्वारी निघेल." गिरमाजी चिटणीसांनी लिहिला तो हत्तीवरचा हौदा: मखमल, झालर, छत्र, आणि वर महाराज. पंतांनी वाचला तो गाडीचा मागला, माल भरावयाचा. शब्द एक, अर्थ दोन, आणि दोन्ही पंतांस ठाऊक होते. विचारावे तर मखमल येणार. न विचारावे तर कारभार जाणार. कासम मिस्त्री म्हणाले, "पंत, मखमल की फळ्या? तुमचं 'बघू, बघू' ऐकून इंजिनसुद्धा गारठलं." पंत खाली पाहोन म्हणाले, "फळ्या." मग थकले इंजिन काढोन डिझेलचे बसविले आणि ब्रेक नवे केले आणि चाकांवरील कमानींचे पाटे वाढविले आणि हौद्यास सागवानी फळ्या ठोकोन मागे उघडझाकीस साखळ्यांचा फाळका लाविला, वाटोळे दिवे मात्र जुनेच ठेविले.

दसऱ्यास महाराज आले, तो हौद्यात पाण्याची पिंपे. गिरमाजी गरजले, "पंत, वाचून वाचून डोळे गेले काय? महाराजांनी पिंपावर बसावे?" पंतांनी हात जोडिले. म्हणाले, "आज्ञेत हौदा होता, महाराज, हौदाच केला. दुसरा अर्थ... मज ठाऊक होता." महाराजांनी फाळक्यावर थाप दिली आणि पुसिले, "हे पाणी कोठे जाते?" "डोंगरवाड्यांस, महाराज." मग महाराजांनी बॉनेटवरील वाळला हार काढोन गिरमाजींच्या हाती दिला, "हा तुम्ही सांभाळा," आणि पंतांस घेऊन पुढे बसले. चाकावर बसलेले कासम म्हणाले, "हुजूर, गुडघे तेवढे आवरा, गिअर तिकडंच येतो."

घाटात गाडी कण्हली, परंतु थांबली नाही. वर बायका धावोन आल्या. गिरमाजी हार घेऊन मागल्या मोटारीतून उतरले आणि ओरडले, "बाजूला! महाराज आले!" एक म्हातारी म्हणाली, "येऊ देत की. आधी पाणी उतरवा." महाराज हासले आणि आपले हाते फाळक्याच्या साखळ्या सोडिल्या.

येणेप्रमाणे मान उतरला आणि गाडी चढली. पंतांनी वाडीच्या शाळेपुढे बसोन कार्डावर लिहिले, "चालते. हार काढला." पुन्हा वाचिले, खोडावे ऐसे काही दिसेना, म्हणोन उठले आणि टपालपेटीत टाकिले.