छत्री कोणाची?

पडदा पांढरा होता आणि मैदान गप्प होते. पोलाद कारखान्याच्या खुर्सीपार वस्तीतल्या त्या उघड्या जागेवर पोती, विटा नि एकमेकांचे गुडघे यांच्या आधाराने बसलेली माणसे श्वास रोखून होती. थोड्या वेळापूर्वी पडद्यावरच्या इन्स्पेक्टरने प्रेताजवळ सापडलेली हस्तिदंती मुठीची छत्री उंच धरून म्हटले होते, "खूनी इसी कमरे में है," आणि त्याचे बोट सावकाश वळत असतानाच रीळ संपले. माणिक ऑपरेटरने शेवटचा डबा उघडून चढवला. त्यातून एक दाढीवाला संत निघाला आणि नदीत उभा राहून गाऊ लागला.

"खुनी साधू झाला वाटते," पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली आणि तिने हात जोडले.

माणिकने घाईने संताला बंद केले. डब्यावर नाव बरोबर होते. आत कोण्या जुन्या चरित्रपटाचा तुकडा होता. पडद्यावर उरला तो नुसता उजेड. क्षितिजावर भट्टीची लाली धुमसत होती, आणि त्या दोन प्रकाशांमध्ये सगळ्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

रोलिंग मिलमधला फिटर आनंदराव हा मनोरंजन मंडळासाठी दर शनिवारचा सिनेमा निवडत असे. जुने, स्वस्तातले सिनेमे हा त्याचा जीव होता. पुठ्ठ्याची भिंत कलाकाराने टेकताच हलते, एकच जिना तीन सिनेमांतल्या तीन हवेल्यांत येतो, हास्यपटातला जाड सासरा पुढच्या शनिवारी रहस्यपटात न्यायाधीश होऊन बसतो: हे सारे त्याला गरीब नातेवाइकांच्या घरासारखे आपले वाटे. दिवसभर लोखंडाच्या आवाजात बुडालेल्या माणसाला आठवड्यातून एकदा स्वतःचे हसणे ऐकू यावे, एवढेच त्याला हवे होते. आजचा सिनेमा सुरू होण्यापूर्वी तो उभा राहून म्हणाला होता, "नागपूरले पाह्यला मी. शेवट असा हाये, का तुमच्या घशाखाली घास उतरनार नाही."

वस्तुस्थिती अशी होती, की परतीची पॅसेंजर गाठण्यासाठी तो नागपूरला शेवटाआधीच उठला होता. तेव्हापासून त्याच्या मनात एक दार किलकिलेच राहिले होते, आणि त्या फटीतून तो इतक्या वेळा डोकावला होता की आतली खोली त्याला पाठ झाली होती.

"सांगा ना, आनंदराव," मागून रायपूरच्या विद्याधरचा आवाज आला. विद्याधर नकाशा विभागात होता. जुने सिनेमे बंद करावेत, नवे रंगीत आणावेत, मैदानाला तारेचे कुंपण घालून तिकीट लावावे, असा त्याचा आग्रह होता. त्याचा निकाल मंडळाच्या उद्या संध्याकाळच्या बैठकीत लागायचा होता.

"आज सांगितलं त मजा जाईन," आनंदराव म्हणाला. "बरोबर रीळ मागवू. पुढच्या शनवारी पाहू."

उत्तर शहाणपणाचे होते. ते एक रात्रच टिकले.

सकाळी तो दातण करत असताना ट्रक चालवणारा देवाजी दारात येऊन उभा राहिला. "मी उद्या नंदिनीच्या खदानीवर चाललो. चुनखडीच्या फेऱ्या हायेत, पुढच्या शनवारी येनं होत नाही. मले सांगून टाक."

"एवढी काय घाई?"

"घरी आग लागून राहिली ना! सिनेमात मालकाचा डायव्हर हाये, अन् बायको म्हनते खुनी तोच. माझ्यावर तिचा तसाही भरोसा नाही."

देवाजीचे डोळे रात्रभराच्या जागरणाने लाल होते. त्या डोळ्यांत पाहून 'मला माहीत नाही' असे म्हणणे आनंदरावला जमले नाही. "डायव्हर नाही," तो हलकेच म्हणाला. "कंपाउंडर. पन कोनाले सांगू नको."

देवाजी गळ्याची शपथ घेऊन गेला आणि तासाभरात दवाखान्यातला कंपाउंडर धोंडबा आला.

"आनंदराव, मी कंपाउंडर हावो का जल्लाद? सिनेमात कंपाउंडर पाह्यला तवापासून पेशंट दवा घेयाच्या आधी बाटली हुंगून राहिले!"

"हसू दे रे लोकाईले."

"हसते कुठं? हुंगते! खरं सांग, तो कंपाउंडर हाये का?"

"नाही," आनंदराव म्हणाला. घशातून तो शब्द निसटला तेव्हाच दुसरा त्याच्यामागे उभा होता. "आत्या हाये. त्या मालकाची विधवा आत्या. पन कोनाले सांगू नको."

"अरे बापा! अन् किती गरीब दिसते."

घरात त्याची बायको कमला तांदूळ निवडत होती. भिंत पातळ होती. तिने मान वर केली नाही.

दुपारी खानावळवाल्या वच्छलाबाई आल्या. नवरा गेल्यावर त्यांनी भावाची दोन पोरे वाढवली होती. त्या उंबऱ्यातच बसल्या. "रातच्या सिनेमापासून दोघंही मेले जेवताना इचारते, आत्या, भाजीत काय टाकलं? सिनेमावाल्याले विधवा दिसली का विष तिच्याच हातात देते. तुमी सांगा, त्या बाईनं केलं?"

त्यांचा पदर डोळ्यांकडे चालला होता. आनंदरावजवळ आता एकच संशयित शिल्लक होता, आणि वस्तीतला ड्रायव्हर देवाजी तर नंदिनीच्या तयारीला लागला होता. "नाही हो बाई. डायव्हरनं केलं. पन कोनाले सांगू नका."

तिघांनीही गुपित पोटातच ठेवले, आणि घात तिथेच झाला. एखाद्याने जरी तोंड उघडले असते, तरी खोटे दुपारीच लहान वयात मेले असते. ते संध्याकाळपर्यंत जगले आणि बैठकीला हजर राहिले.

बैठकीच्या शेडमध्ये विद्याधर उभा राहिला. "भाईसाहेब, या जुन्या सिनेमांना डोकं असतं, शेपूट नसतं. आणि आनंदरावांनी तरी शेवट पाहिलाय का, मला शंका आहे. ज्याला शेवट माहीत नाही, त्याने सिनेमे निवडायचे?"

"पाह्यला हाये!" देवाजी ताडकन उठला. "मले सांगितला. पन मी नाही सांगनार."

"मलेही सांगितला," धोंडबा म्हणाला.

"मलेही," बायकांच्या बाजूने वच्छलाबाई म्हणाल्या.

आनंदरावला आपल्या पायांखालची जमीन एखाद्या सेटसारखी पुठ्ठ्याची आहे, असे वाटले.

"वा! तीन साक्षीदार," विद्याधर हसला. "मग एकदम सांगा. एक, दो, तीन!"

"कंपाउंडर!"

"आत्या!"

"डायव्हर!"

कोणी हसले नाही. मग धोंडबा देवाजीकडे वळला. "मी खुनी? तुझ्या पोराचा ताप कोनं उतरवला रे?" वच्छलाबाई धोंडबावर धावल्या. "माझ्या हातचं जेवते अन् मलेच?" देवाजी वच्छलाबाईंना म्हणाला, "बाई, तुमच्या खानावळीचं धान्य माझ्याच ट्रकमधी येते ना?" आणि मग, एकाच क्षणी, तिघांनाही आठवले की हे आपल्याला कोणी सांगितले.

तिघांच्याही माना आनंदरावकडे वळल्या.

"तिघंही खरं बोलून राहिले," कमला म्हणाली.

ती उभी होती. पदर खांद्यावर ओढलेला, आवाज तांदळातला खडा बाजूला काढावा तसा शांत. "इन्स्पेक्टर पहिले कंपाउंडरले धरते. मंग आत्या म्हनते, मी केलं, त्याले सोडा. तितक्यात डायव्हर मोटर घेऊन पळते. यायनं एकेकाले एकेक तुकडा सांगितला. सारा सांगितला असता त पुढच्या शनवारी तुमी काहून आले असते?"

"पन वैनी," देवाजीचा आवाज पार मऊ झाला होता, "छत्री कोनाची?"

"ते आताच सांगू? मंग रीळ कायले मागवता?"

शेडभर हशा उसळला. जुन्या सिनेमांसाठी हात वर होऊ लागले. तारेचे कुंपण कुणालाच आठवेना. सर्वांत शेवटी, थोडा वाकडा, विद्याधरचाही हात वर गेला. "मला फक्त छत्रीचं कळायला हवं," तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

आनंदराव नि कमला घरी परतले. दाराशी आल्यावर त्याने विचारले, "तू कवा पाह्यला?"

"लग्नाच्या आधी. भंडाऱ्याले, भावासंग."

"मंग इतके दिवस बोलली नाही?"

"तुमी शेवट सांगत होते ना. दर वेळी येगळा. मले आयकाले मजा येत होती."

अंधारात त्याचे कान तापले. मग एक वेगळीच, थंड शंका त्याच्या मनात शिरली. शनिवारी रीळ येणार होते. सारे खुर्सीपार येणार होते. कमलाने सांगितलेली ती सुरेख साखळी, कंपाउंडर, आत्या, मोटर, पडद्यावर खरोखर निघणार होती, की पुन्हा सगळ्या माना वळणार होत्या?

"कमला, खरं सांग. शेवटापर्यंत बसली होती तू? का तुझीही गाडी होती?"

तिने त्याच्याकडे पाहिले. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले, पुठ्ठ्याच्या भिंतीसारखे.

"छत्री कोनाची, तेवढं तरी सांग."

कमलाने रिकामी घागर उचलली, कमरेवर टेकवली आणि ती नळाकडे चालू लागली.