गच्चीवरचं शून्य

विजेच्या बाबतीत मिस्त्रींचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उभी हयात त्यांनी लिफ्टच्या मोटरी दुरुस्त केल्या आणि इतक्या वर्षांत विजेचा साधा झटकाही खाल्ला नाही. यामागे त्यांची एक पद्धत होती. मीटर लावायचा, आकडा मोठ्याने वाचायचा, आणि जोडीदाराने तोच आकडा तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा. मिस्त्री म्हणणार "शून्य", जोडीदार म्हणणार "शून्य", आणि मगच वायरीला हात. निवृत्तीनंतर जोडीदाराची ही जागा बायकोकडे आली. भिंतीतलं एखादं बटण बदलायचं असलं तरी ती हातातलं काम टाकून स्टुलाशेजारी उभी राहायची आणि "शून्य" म्हणून परत कामाला लागायची.

त्यामुळे गच्चीवरच्या सोलर पॅनेलमधून वीज निम्मीच यायला लागली तेव्हा मिस्त्रींना वाईट वाटण्याऐवजी बरंच वाटलं. पॅनेल मुलीने बसवून दिली होती. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि फोनवरून घर चालवायची.

"बाबा, तुम्ही काही करू नका. शनिवारी माणूस येतोय."

"माणूस? मग मी कोण आहे?"

"तुम्ही बाबा आहात. आणि मागच्या महिन्यात गॅस चालू ठेवून तुम्ही फिरायला गेला होतात."

त्या गॅसपासून मुलीने धोशाच लावला होता, की दोघांनी आता तिच्याकडे राहायला यावं. आणखी एकदा असं काही झालं तर मी विचारणार नाही, सरळ गाडी घेऊन येईन, असं तिने बजावलं होतं. मिस्त्रींना घर सोडायचं नव्हतं. या घरातली वायर न् वायर त्यांनी स्वतः ओढली होती. बायकोलाही सोडायचं नव्हतं, पण ती तसं बोलत नव्हती. विषय निघाला की उठून भांडी लावायला जायची. तेव्हा माणूस यायच्या आत बिघाड आपणच शोधायचा आणि म्हातारा अजून शाबूत आहे हे मुलीला दाखवून द्यायचं, असा बेत मिस्त्रींनी केला.

शुक्रवारी भरदुपारी ते गच्चीवर चढले. हातात जुना क्लॅम्प मीटर. या मीटरचं बरं असतं, वायर कापावी लागत नाही. त्याचा जबडा उघडून वायरीभोवती मिटायचा, की आतून किती करंट वाहतोय तो आकडा दिसतो. पॅनेलच्या दोन रांगा होत्या. बायको पलीकडे दोरीवर चादरी वाळत घालत होती.

"पहिली रांग, शून्य."

"शून्य," बायको तोंडात चिमटा धरूनच म्हणाली.

"सापडला बिघाड. ही रांग मेली आहे." केवळ रीत म्हणून त्यांनी दुसऱ्या रांगेच्या वायरीलाही मीटर लावला. "दुसरी रांग..." त्यांनी चष्मा पुसला. "शून्य."

"शून्य. अहो, म्हणजे दोन्ही मेल्या?"

"तसंच दिसतंय."

"मग खालचं मशीन निम्मी वीज येतेय म्हणतंय, ती येते कुठून?"

प्रश्न रास्त होता, आणि रास्त प्रश्नाचा मिस्त्रींना फार राग यायचा. ते तरातरा खाली गेले. जिन्याखाली पॅनेलचा इन्व्हर्टर आपला गुणगुणत होता आणि वर आकडाही दाखवत होता. मिस्त्रींनी त्याला दोन टिचक्या मारल्या. आकडा हलला नाही.

"खोटारडा आहे लेकाचा," वर येऊन ते म्हणाले. "वर करंट नाही आणि खाली आकडे दाखवतोय. माझा मीटर कधी खोटं बोललेला नाही."

"माणूस उद्या येतोच आहे. त्याला बघू दे ना."

"कनेक्टर सैल झाला असणार. उघडून बघतो. शून्य म्हटलंस ना तू?"

"तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी दुसऱ्या रांगेच्या वायरीतला कनेक्टर दोन्ही हातांनी धरला, खटका दाबला आणि ओढला.

तापल्या तेलात पाणी पडावं तसा आवाज झाला. दोन टोकांमध्ये निळसर ज्योत उभी राहिली, आणि टोकं लांब गेली तरी ती तुटेना, नुसती ताणत गेली. मिस्त्रींनी वायर टाकून दिली आणि मागे सरकता सरकता ते ओल्या कपड्यांच्या टबात बसले. ज्योत विझली आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. बायको धावत वायरीकडे निघाली होती.

"हात लावू नकोस!" मिस्त्री ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. ती जागच्या जागी थांबली.

टबात बसल्या बसल्याच मिस्त्रींना सगळं आठवलं. त्यांच्या मीटरवर आकड्याशेजारी एक नागमोडी रेघ होती. हा मीटर फक्त एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा करंट मोजतो, असा तिचा अर्थ. लिफ्टच्या मोटरी एसीवर चालायच्या. पॅनेलमधून येतो तो डीसी, एकाच दिशेने वाहणारा, आणि त्याला हा मीटर साफ आंधळा. वायरीतून करंट धो धो वाहत असला तरी तो शून्यच दाखवणार. हे मिस्त्रींना माहीत नव्हतं असं नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हे घोकून घेऊन शिकवलं होतं. तेच आज त्यांना आठवलं नाही, आणि त्यांच्या भरवशावर बायकोही शून्य म्हणाली. त्यांना फार भीती वाटली. ज्योतीची नव्हे, स्वतःची.

मग खाली जाऊन त्यांनी इन्व्हर्टर बंद केला, डीसीचा स्विच पाडला. हे आधी करायचं असतं.

"पोरीला सांगायचं नाही," बायको म्हणाली. मिस्त्रींनी मीटर कपाटात ठेवून दिला.

शनिवारी सोलरचा माणूस आला. मुलगी फोनवर होती. बायकोने फोन स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला होता. माणसाने जळका कनेक्टर उचलून पाहिला.

"हा चालू करंटवर ओढलाय. कुणी?"

"मी," बायको म्हणाली. "चादर अडकली होती. जोरात ओढली."

"काकू, जीव गेला असता. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी स्विच बंद, मग डीसीचा क्लॅम्प लावून करंट खरंच शून्य झाला का ते बघायचं, आणि मग कनेक्टर. तरीसुद्धा ऊन आहे तोवर पॅनेल जिवंतच समजायचं." तो मिस्त्रींकडे वळला. "काका, तुम्ही या लाइनीतले. काकूंना सांगायचं नाही का?"

"सांगून ऐकते कुठे ती," मिस्त्री म्हणाले, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं.

माणसाने कनेक्टर बदलला, स्विच चालू केले, स्वतःचा डीसी क्लॅम्प लावला. दुसऱ्या रांगेत करंट भरपूर होता, पहिलीत अगदी थोडा. कारणही समोरच वाळत होतं. पहिल्या रांगेवर आजही दोरीवरच्या चादरींची सावली पडली होती.

फोनमधून मुलीचा सुस्कारा ऐकू आला.

"आई, चादरी पण तुझ्याच. मी उगीच बाबांच्या मागे लागले होते. तूच इकडे ये, मी उद्या गाडी घेऊन येते. बाबा नीट आहेत, ते राहतील तिथे."

मिस्त्रींना हवं होतं ते सगळं मिळालं होतं. घर राहिलं होतं, अब्रू राहिली होती. बायको मात्र वळून दोरीवरच्या चादरी काढायला लागली होती, एरवी भांडी लावायला जायची तशी.

"तिने काही ओढलं नाही," मिस्त्री फोनजवळ जाऊन म्हणाले. "मी ओढलं. एसीच्या मीटरने डीसी मोजला. चादरींची दोरीही मीच बांधली. तिला कुठे नेऊ नकोस."

सोलरचा माणूस पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"बरं," मुलगी म्हणाली. "मग दोघंही चला."

मिस्त्रींनी बायकोकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती, पण मान हलवत होती. हो म्हणून. मिस्त्रींनी घसा साफ केला.

"तुझ्याकडे गच्चीवर पॅनेल आहेत ना?" त्यांनी जरा आशेने विचारलं.

"आहेत, बाबा," मुलगी म्हणाली. "आणि गच्चीला कुलूपही आहे."