अस्सल जुनी नक्कल

एका जंगलात, मुलांनो, दाजीसाहेब नावाचं एक अस्वल राहत होतं. दाजीसाहेबांना नाटकाचं भारी वेड. नाटक मात्र त्यांनी आयुष्यात एकही पाहिलं नव्हतं. ते नाटकांची जपानी चित्रं जमवायचे.

जपानात काबुकी नावाचं नाटक असतं. त्यातला नट तोंड रंगवतो आणि ऐन रंगात आला की डोळे तिरळे करून जागच्या जागी थिजतो. तिकडच्या कारागिरांनी अशा नटांची चित्रं लाकडावर कोरून कागदावर छापली. दाजीसाहेबांकडे ती मूळ चित्रं नव्हती. त्यांच्या नकला होत्या. पण नकला सत्तर वर्षांपूर्वीच्या होत्या.

“नक्कलच आहे,” ते पाहुण्यांना सांगत, “पण अस्सल जुनी नक्कल. वास घेऊन बघा.”

पाहुणे वास घेत. काय करतील बिचारे, चहा यायचा असे.

चित्रांना कोरडी जागा लागते. जंगलात कोरडी गुहा एकच होती. तिथे झिप्रू वानर बाजाराच्या दिवशी नाटक करायचा. बघणारे फळं देत, त्यावर त्याचं घर चालायचं. दाजीसाहेब सांस्कृतिक समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी नाट्यकलेच्या जतनासाठी गुहा ताब्यात घेतली आणि नाटक बंद केलं.

झिप्रू आला. “साहेब, आता खेळ कुठं करू?”

“अरे, इथे नाटकंच तर लावलीत. चांगली बारा आहेत.”

“पण ह्यातलं कुणी हलत नाही.”

“म्हणून तर टिकली!”

झिप्रूला राग आला. मला तर सांगतानाही येतो. उद्घाटनाच्या दिवशी त्याने पळसाच्या फुलांनी तोंड रंगवलं. दाजीसाहेबांना लाज वाटावी म्हणून तो भिंतीपाशी पाय फाकून, डोळे तिरळे करून उभा राहिला.

पाहुणे थबकले. दाजीसाहेबांनी झिप्रूचा वास घेतला.

“नवीन आहे,” ते म्हणाले, “पण काम बरं आहे. रोज दहा ते पाच असाच उभा राहा. केळी मिळतील.”

झिप्रूला घरची चार तोंडं आठवली. तो तसाच उभा राहिला.

तीन वर्षं राहिला. मग एक हरिणी आली.

“अगबाई, हा तर झिप्रू! ह्याने सासूचं सोंग केलं होतं ना, हसून हसून मुरकुंडी वळली होती माझी.”

झिप्रूच्या ओठाचा कोपरा हलला. इतकंच.

“खराब झालं,” दाजीसाहेब हळहळले. त्यांनी साळिंदराकडून झिप्रूचं चित्र लाकडावर कोरून घेतलं, छापून त्याच जागी टांगलं आणि झिप्रूला घरी पाठवलं.

महिन्याभराने झिप्रू गुहेत आला. दाजीसाहेबांनी त्याला ओळखलं नाही. तोंड धुतलेलं होतं ना. ते त्याला त्या चित्रापाशी घेऊन गेले. त्यांचे डोळे भरून आले होते, अगदी खरेखुरे.

“असे नट आता होत नाहीत,” ते म्हणाले. “ह्याचं नाटक बघायचं माझं राहूनच गेलं.”

“करून दाखवू का, साहेब?”

“शू!” दाजीसाहेब म्हणाले. “चित्राला धक्का लागेल.”

तात्पर्य : कलेवर जिवापाड प्रेम करणाऱ्यांसमोर कलावंताने हलू नये. त्यांचा रसभंग होतो.