लकडगंज लघुरेल्वे: गाडीविना अकरा वर्षे

कोणत्याही रेल्वेच्या कारभारात गाडी हा सर्वांत त्रासदायक घटक असतो. ती उशिरा येते, मध्येच बंद पडते, जनावरांना धडक देते, आणि आलीच तर तिच्यातून माणसे उतरतात. त्या माणसांना पाणी, हमाल आणि उत्तरे हवी असतात. गाडी वगळली तर रेल्वे ही एक अत्यंत सुरळीत चालणारी संस्था आहे. हे सत्य मोठमोठ्या रेल्वेवाल्यांच्या ध्यानात अजून आलेले नाही. ते आले नागपुरात, लकडगंजातल्या एका आरागिरणीच्या मागे राहणाऱ्या मनोहरराव वैरागडे यांच्या. तेही ठरवून नव्हे. मोठे शोध असेच लागतात.

मनोहरराव एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून १९६७ साली निवृत्त झाले. त्यांचा भाचा विश्वनाथ मालवाहू जहाजावर नोकरीला होता. (नागपूरपासून सगळेच समुद्र सारखे लांब असल्यामुळे त्याला कुठलेही बंदर चालत असे.) त्याने मामांना निवृत्तीची भेट म्हणून जर्मनीहून एक खोके आणले. त्यात खेळण्यातल्या रेल्वेचे चोवीस रूळ आणि एक सिग्नल होता. इंजिनाचे खोके वेगळे मिळत होते, पण ते महाग होते.

"पुढच्या खेपेले इंजिन आणतो, मामा," विश्वनाथ म्हणाला.

"घाई नाही," मनोहरराव म्हणाले. या दोन शब्दांवर पुढची अकरा वर्षे उभी राहिली.

रूळ मांडायला घरातली मागची खोली निवडण्यात आली. ती दहा बाय बाराची खोली मनोहररावांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी शिवणवर्गासाठी धरून ठेवली होती. त्यांच्याकडे शिवणकामाचा डिप्लोमा होता आणि दोन मशिनी होत्या. नव्हती ती फक्त जागा.

"एकदा गाडी फिरवतो, एक चक्कर डोळ्यानं पाह्यतो, मंग खोली तुझी," मनोहरराव म्हणाले.

गोपिकाबाईंनी ते कागदावर लिहून घेतले, खाली सही घेतली आणि वर्ग तात्पुरता स्वयंपाकघरात सुरू केला.

एका माणसाने रेल्वे चालवणे बरे दिसत नाही, म्हणून समिती नेमली गेली. देवराव यांचे चौकात औषधांचे दुकान होते आणि त्यांचे अक्षर कोणालाही लागत नसे, म्हणून वेळापत्रक त्यांच्याकडे गेले. रुपराव हे शाळेत ड्रिल मास्तर. त्यांची स्वतःची शिट्टी असल्यामुळे ते गार्ड झाले. प्रस्तुत लेखकाकडे तक्रारवही आली. मनोहरराव अर्थातच जनरल मॅनेजर.

वेळापत्रकाप्रमाणे संध्याकाळी सहा दहाला डाऊन मेल यायची होती. ती नसल्यामुळे देवरावांनी ओसरीवरच्या फळ्यावर प्रामाणिकपणे लिहिले: 'डाऊन मेल उशिरा'. पहिल्या आठवड्यात आरागिरणीतले दोन कामगार फळा वाचायला थांबले. महिन्याभरात पंधरा-वीस माणसे रोज जमू लागली. त्यांना नक्की काय हवे होते ते कोणी विचारले नाही. किती उशिरा, असे ते विचारत, आणि चौकशीच्या खिडकीतून त्यांना सांगितले जाई, "सांगता येत नाही." माणसे समाधानाने घरी जात. याच उत्तरासाठी मोठ्या स्टेशनवर तासभर रांग लावावी लागते.

आता प्रश्न इंजिनाचा. मनोहररावांच्या पेन्शनीतून दर एक-दीड वर्षाला इंजिनापुरते पैसे साठत. पण पैसे साठले की समितीपुढे एक नैतिक प्रश्न उभा राही. नुसत्या एका सिग्नलवर गाडी आणणे जबाबदारीचे आहे काय? नव्हते. म्हणून १९६८ साली चार सिग्नल आले. स्टेशनवर प्रवासी नसताना गाडी कोणासाठी आणायची? म्हणून १९६९ साली बेचाळीस प्लॅस्टिकचे प्रवासी आले. ते सगळे जर्मन हवेचे असल्यामुळे ओव्हरकोट घालून आले. मे महिन्यात, पारा सत्तेचाळीसवर असताना, खसच्या कूलरसमोर मफलर गुंडाळून उभे असलेले ते बेचाळीस जण पाहून भल्याभल्यांना घेरी येई. त्यांतला एक जण खांद्यावर बर्फात घसरायच्या दोन लांब फळ्या घेऊन उभा होता. लकडगंजात मात्र त्याच्याबद्दल कोणी शंका काढली नाही. माणूस लाकूड घेऊन चालला आहे, यात विचारण्यासारखे काय?

पुढच्या वर्षी अकरा गाई आल्या, कारण रुळांवर गुरे आली तर काय करायचे याचा सराव आधीच असलेला बरा. त्यानंतर एक डोंगर, डोंगरातून बोगदा, आणि बोगदा कोसळला तर लागणारा दुसरा, लहान बोगदा.

या काळात रेल्वेने जी सेवा बजावली तिची नोंद व्हायला हवी. एकाहत्तरच्या युद्धात ब्लॅकआऊट झाला तेव्हा शत्रूला आमची एकही गाडी दिसली नाही. चौऱ्याहत्तरच्या संपात देशभर गाड्या जागच्या जागी थांबल्या. आमच्या वेळापत्रकात एका मिनिटाचाही फरक पडला नाही. पंचाहत्तर साली सगळ्या गाड्या वेळेवर धावतात असे सगळीकडे सांगितले जाऊ लागले, तेव्हा देवरावांनीही फळ्यावरचा मजकूर पुसून 'डाऊन मेल वेळेवर' असे लिहिले. (त्या काळात त्यांचे अक्षरही एकाएकी सुवाच्य झाले.) गाडी न येताही वेळेवर असू शकते हे एकोणीस महिने कोणालाच खटकले नाही. सत्याहत्तरमध्ये पुन्हा 'उशिरा' झाली तेव्हा माणसांना सुटल्यासारखे वाटले. ओसरीवर पेढे वाटण्यात आले.

अकरा वर्षांत अपघात शून्य, विनातिकीट प्रवास शून्य, चोरी एक (गाय).

तक्रारवहीत मात्र दरवर्षी एकाच व्यक्तीची एकच तक्रार येत असे. 'गाडी केव्हा येते? मले खोली पायजे. गो. म. वैरागडे.' तिच्याखाली मी दरवर्षी 'नोंद घेतली' असे लिहून तारीख टाकत असे. यापेक्षा तत्पर उत्तर कोणत्या रेल्वेत मिळते?

अठ्ठ्याहत्तरच्या मार्चमध्ये गोपिकाबाईंना एक सरकारी कागद आला. शिवणवर्गाला मान्यता हवी असेल तर किमान शंभर चौरस फुटांची स्वतंत्र खोली दाखवावी. तपासणी पंधरा जूनला. मान्यता नसलेल्या वर्गाच्या मुलींना परीक्षेला बसता येणार नव्हते. वर्गात चौदा जणी होत्या. त्यांतली भागीरथा दोन लेकरांची आई, दिवसभर बाजारात संत्री निवडून संध्याकाळी चुलीशेजारी बसून काजे करायला शिकत होती. परीक्षा पास झाली तर शिवणकेंद्रात तिची नोकरी नक्की होती.

गोपिकाबाईंनी कागद नवऱ्याला दाखवला. मनोहररावांनी तो दोनदा वाचला, त्यातली मराठी चांगली आहे असे सांगितले आणि परत दिला.

मग गोपिकाबाईंनी तक्रार लिहिली नाही. त्यांनी थेट विश्वनाथला पत्र लिहिले आणि सोबत वर्षभराच्या पोलक्यांच्या शिलाईचे पैसे पाठवले. दहा जूनला दुपारी समितीची बैठक चालू असताना विश्वनाथ आत आला आणि त्याने टेबलावर एक खोके ठेवले.

"बाप्पा! हे तं इंजिन हाय!" रुपराव म्हणाले.

"ते दिसून राहिलं मले," देवराव म्हणाले. "पण हे आलं काहून?"

मनोहररावांनी खोक्याचे झाकण उघडले, आत पाहिले आणि तब्येत विचारायला गेलेला माणूस जसा हळूच दार लावतो तसे ते पुन्हा लावले. मग कामकाज सुरू झाले. त्या बैठकीचे इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे, त्यातला भाग देतो.

(१) इंजिन पूर्वसूचना न देता आले आहे. सबब ते तूर्त आलेले नाही असे समजावे.

(२) डबे नाहीत. बेचाळीस प्रवाशांना इंजिनावर बसवणे नियमात बसत नाही. फळ्यावाला तर अजिबातच नाही.

(३) ड्रायव्हरचे पद भरलेले नाही. त्यासाठी गाडी चालवण्याचा अनुभव आवश्यक असून या रेल्वेत तो कोणालाही नाही, ही समाधानाची बाब आहे.

(४) गाडी आल्यास फळ्यावर काय लिहायचे? (श्री. देवराव. मुद्दा राखून ठेवण्यात आला.)

शेवटी सर्व बाजूंनी अभ्यास करायला उपसमिती नेमण्यात आली. तिने अहवाल १९८१ साली द्यायचा होता.

गोपिकाबाई दारात उभ्या होत्या. गळ्यात टेप, हातात कात्री. त्यांच्या मागे स्वयंपाकघरातून चौदा जणी डोकावत होत्या.

"अवो, झालं का तुमचं?"

"अहवाल आल्यावर बघू," मनोहरराव म्हणाले.

"तपासणी पंधराले हाय. अहवाल कधी?"

"एक्याऐंशीत."

गोपिकाबाईंनी कात्री भागीरथेच्या हातात दिली. "रुपरावजी, सरका बाजूले." त्यांनी खोके उघडले, इंजिन काढले, पदराने पुसले आणि सुईत दोरा ओवावा तशी त्याची चाके अलगद रुळांवर बसवली.

"वहिनी, सिग्नल लाल हाय!" रुपराव ओरडले.

"राहू द्या लाल."

"मुहूर्त तरी पाहा!" देवराव म्हणाले.

"अकरा वर्षं पाह्यला नं," असे म्हणून गोपिकाबाईंनी बटण फिरवले.

इंजिन निघाले. आधी ते गुरगुरले, मग लाल सिग्नलकडे ढुंकूनही न पाहता स्टेशनात शिरले. वाऱ्याने दोन ओव्हरकोटवाले आडवे झाले. फळ्यावाल्याच्या फळ्या इंजिनाला अडकल्या आणि तो त्यांच्यासकट बोगद्यात गेला. मोठ्या बोगद्यातून बाहेर आला तेव्हा त्याने वाटेत तीन गाई गोळा केल्या होत्या. "गुरं! गुरं!" असे ओरडत देवराव केरसुणी शोधू लागले. सराव झाला होता, पण केरसुणी स्वयंपाकघरात होती. रुपरावांनी शिट्टी फुंकली ती गाडी निघून गेल्यावर. सतरा सेकंदांत फेरी पुरी झाली. लकडगंज लघुरेल्वेची पहिली डाऊन मेल अकरा वर्षे आणि सतरा सेकंद उशिरा पोचली.

आणि जनरल मॅनेजर कुठे होते? एकोणसत्तर वर्षांचे मनोहरराव जमिनीवर पालथे पडून, गाल फरशीला टेकवून, एक डोळा रुळांच्या पातळीवर लावून बघत होते. त्यांचा चष्मा कपाळावर गेला होता.

"अवं गोपिका," ते तिथूनच म्हणाले, "अजून एक डाव!"

"करारात एकच चक्कर हाय."

"हाय नं. मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

गोपिकाबाईंनी खाली नवऱ्याकडे पाहिले. मग हातातल्या बटणाकडे पाहिले. दुसरी फेरी कोणाच्या अधिकारात झाली याची नोंद नाही. तिसरी बाईंनी जरा जोरात घेतली. चौथीला चौदा जणी खोलीत आल्या होत्या आणि भागीरथेने गाईंच्या जागी तीन संत्री ठेवली होती. एकंदर नऊ फेऱ्या झाल्या. मग बाईंनी बटण बंद केले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "उचला आता."

पंधरा जूनला तपासनीस आले, खोली मोजली, शिक्का मारला. भागीरथा दुसऱ्या श्रेणीत पास होऊन शिवणकेंद्रात लागली. गोपिकाबाईंनी रूळ फेकले नाहीत. कटिंगच्या मोठ्या टेबलाभोवती त्यांनी ते गोल मांडले. मालगाडीचे दोन डबे आणवले. आता त्या डब्यांतून रिळे, बटणे आणि काजांचा दोरा एका बाजूच्या मुलींकडून दुसऱ्या बाजूला जातो. ही गाडी लागेल तेव्हा निघते आणि हवी तिथे थांबते. तिला वेळापत्रक नाही, समिती नाही, तक्रारवहीही नाही. अशा कारभाराला रेल्वे म्हणून मान्यता देणे समितीला शक्य झाले नाही, तसा ठराव एकमताने झाला आहे. मनोहररावांनी हात वर केला होता, पण ठराव लिहून होईपर्यंत ते आत जाऊन टेबलाखाली बसले होते.

मूळ रेल्वेचे कार्यालय ओसरीवर हलले. रूळ, सिग्नल, डोंगर यांची उस्तवार संपल्यामुळे आमची कार्यक्षमता कमालीची वाढली असून सभासद चौघांचे एकसष्ट झाले आहेत. रोज संध्याकाळी सहापासून आम्ही ओसरीवर बसतो. आतून मशिनींचा आवाज येतो आणि सात वाजता चहा येतो. तो कोण करते, हा विषय आजवर कोणत्याही बैठकीपुढे आलेला नाही.

वाचकांच्या आग्रहावरून आम्ही बाहेरचे सभासदही घेत आहोत. वर्गणी नाही. पात्रता एकच: घरातले कोणीतरी आत काम करत असताना अर्जदार बाहेर आरामात काहीतरी वाचत बसलेला असावा. अर्जात फक्त आत कोण आहे त्यांचे नाव लिहायचे आहे. आठवत नसेल तर हाक मारून विचारा. उठू नका, बसल्या जागेवरून केलेला अर्जच ग्राह्य धरला जाईल.