छापचित्रातला वारा

संग्रहालयातल्या छापचित्रामधल्या राजाने सोमवारी पंखा मागितला.

चित्र विलायती, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. विषय ग्रीकांची जुनी दंतकथा. वारा पडलाय, लढाईला निघालेली गलबतं किनाऱ्याला अडकलीत आणि वारा सुटावा म्हणून राजा पोटच्या पोरीचा बळी देतोय. मागे सैन्य, शेजारी सुरा घेतलेला पुरोहित. कोरणाऱ्याने राजाचे दंड भलतेच पिळदार काढले होते. एवढ्या दंडांचा माणूस कुणाला घाबरत असेल असं वाटू नये.

"बाई, जरा वारा मिळाला तर पोर वाचेल," राजा अभिरक्षक मृणालिनी गुर्जर यांना म्हणाला. सैन्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

 मृणालिनीबाई लगेच संचालकांकडे गेल्या.

"चित्रातल्या मंडळींसाठी तरतूद नाही," संचालक म्हणाले. "तुम्हाला उकडतंय असं लिहा, बघू."

सरकारी काम, सहा महिने थांब. बाईंनी दुसऱ्या दिवशी घरचाच टेबल फॅन आणला आणि चित्रासमोर लावला. शिडं फुगली. सैन्याने एकच जल्लोष केला. बाई राजाकडे वळल्या.

"महाराज, आता सोडा तिला."

राजाने पुरोहिताकडे पाहिलं.

"वारा सुटला तो बळी कबूल केला म्हणून," पुरोहित म्हणाला. "देवाचं देणं ठेवता येत नाही."

"अहो, वारा माझ्या पंख्याचा आहे!"

"मला माहीत आहे," राजा म्हणाला. "पण एवढ्या फौजेसमोर शब्द फिरवला, तर उद्या माझं ऐकेल कोण?" त्याने अंगावरच्या वस्त्राचं टोक तोंडावर ओढून घेतलं.

असल्या बापाला कसला आलाय वारा! बाई तिरीमिरीत पंखा बंद करायला गेल्या.

"नको, बाई," मुलगी पहिल्यांदाच बोलली. चित्राच्या कोपऱ्यात आईला बिलगून एक लहान पोर उभी होती. तिच्याकडे तिने बोट दाखवलं. "माझं व्हायचं ते होईलच. पण मी गेल्यावर वारा पडला, तर तिची पाळी. माझी पाठची बहीण आहे ती."

बाईंनी हात मागे घेतला.

चित्रात आता मुलगी नाही. धाकटी आहे. पंखा रात्रंदिवस चालू असतो; संचालकांनी विजेला मंजुरी दिली आहे. वीज गेली की मृणालिनीबाई हातपंखा घेऊन चित्रासमोर उभ्या राहतात आणि ती येईपर्यंत वारा घालतात.