सोपानभाऊंची फिरती सीट

सोपानभाऊंचा चेहरा मी नीट पाहिला तो त्यांच्या शेजारी राहायला आल्यावर दोन महिन्यांनी. तोपर्यंत माझी ओळख होती ती त्यांच्या पायांशी. सकाळी पाणी भरायला बाहेर यावं, तर कुंपणापलीकडे गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. संध्याकाळी शाळेतून परत यावं, तर पाय तिथंच. वारूळवाडीत सगळ्यांनाच याची सवय आहे. लग्नाचं आमंत्रण करायला आलेले पावणे पायांनाच आग्रह करतात आणि पत्रिका अंगठ्याच्या बेचक्यात खोचून जातात. मी स्वतः एकदा त्या पायांशी नळाच्या पाण्यावरून पंधरा मिनिटं भांडले आहे. भांडण मीच जिंकले, कारण पाय काही बोलले नाहीत.

गाडी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली, एके काळी निळी. ती राहते गोठ्यात. गाय बिचारी बाहेर चिंचेखाली. भाऊंची टोमॅटोची शेती आहे आणि ती ते चांगली करतात, पण जीव सगळा या गाडीत. गाडी चालवण्यात नव्हे, उघडण्यात. "उघडल्याबिगर कळत न्हाई" हे त्यांचं ब्रीद. गाडी नीट चालत असली तरी उघडायची, का चालते ते बघायला. परत जोडताना दोनचार नट हमखास उरतात. "भाऊ, हे कुठले?" म्हणून विचारलं की शांतपणे म्हणणार, "कंपनीनं जास्तीचं दिलं व्हतं."

मुलगा चाकणला गाड्यांच्याच कारखान्यात आहे. तो फोनवर काकुळतीला येतो, "आप्पा, गॅरेजला द्या." त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. "तू दिवसभर एकच नट आवळतो. तुला गाडीतलं काय कळतंय?"

रेडिएटर गळायला लागला तेव्हा वहिनींच्या डब्यातली पाव किलो हळद त्यांनी आत ओतली. गळती थांबली, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून गाडी चढाला तापली की वरणाला फोडणी दिल्याचा वास येतो. हॉर्न बिघडला तर घराची बेल काढून बसवली, चिमणीच्या आवाजाची. हायवेला ट्रकवाल्याला चिमणी कशी ऐकू जायची? मी म्हटलं तर म्हणाले, "ऐकू न्हाई गेलं तर आपणच बाजूला व्हायचं. ॲक्सिडंट व्हत न्हाई."

इंदूवहिनी म्हणजे या माणसाची बायको. त्यांनी या सगळ्यावर कधी चकार शब्द काढला नाही. ताटल्यांत ग्रीस, परातीत बेअरिंग, पाटावर कार्ब्युरेटर. चहा त्या गाडीखाली सरकवायच्या आणि रिकामी बशी आतून बाहेर यायची. मोठी हसरी बाई. गावात कुठं हळदीकुंकू असो, ओटी असो, इंदूवहिनी सगळ्यांत पुढे.

दोन वर्षांपूर्वी वहिनींना झटका आला आणि डावी बाजू अधू झाली. हळूहळू काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागल्या. तेवढ्यात नारायणगावला एका साखरपुड्याला गेल्या आणि कार्यालयाच्या दारात गाडीतून उतरताना पडल्या. भर मांडवासमोर, लोकांच्या देखत. लुगडं आवरायला एकच हात चालू. चार बाप्यांनी उचलून खुर्चीत ठेवलं. "चप्पल सरकली माझी," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आणि घरी आल्यावर उंबरा ओलांडायचं बंद केलं. वर्ष झालं. हळदीकुंकू नाही, ओटी नाही. अंगणातसुद्धा यायच्या नाहीत. "मेल्यावर उचला म्हणावं. जित्तेपणी पुन्हा न्हाई," असं म्हणायच्या, आणि हसायच्याही नाहीत.

अशात निरगुडसरहून वहिनींचा भाऊ आला. त्याच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं होतं, दारातच मांडव. "आक्का, तू न्हाई आलीस तर पोरगी बोहल्यावर चढायची न्हाई म्हणतीय," असं सांगून डोळे पुसत गेला. या पोरीला वहिनींनी लहानपणी चार वर्षं आपल्याकडे ठेवून वाढवलेलं. भावाला "येते" म्हणाल्या आणि तो वळणावर दिसेनासा झाल्यावर मला म्हणाल्या, "मी कशाची जाते, बाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोपानभाऊ कुंपणाशी आले. उभे! मी आधी ओळखलंच नाही. म्हणाले, "बाई, तुमचं वजन किती?"

छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं मी. कुणाची टाप नव्हती असलं विचारायची. तर हे मला खालून वर न्याहाळून म्हणतात कसे, "साडेतीन क्रेट भरताल. इंदूबी तेवढीच हाय. टोमॅटोच्या काट्यावर उभी केली व्हती तिला."

"भाऊ, काय चाललंय काय?"

"निरगुडसरला न्यायचंय तिला. कुणी उचलायचं न्हाई, अशी सीट बनवितोय. ट्रायलला माणूस पायजे."

"मग वहिनींनाच बसवा की!"

"तिला आता पडू द्यायची न्हाई," भाऊ म्हणाले. "तुमी पडलात तर चालतंय."

मला राग यायला हवा होता. आलाही. पण मी पदर खोचला आणि गेले.

ओतूरच्या एका सलूनवाल्यानं नव्या खुर्च्या आणल्या होत्या. त्याची जुनी फिरती खुर्ची भाऊंनी मागून आणली, गाडीच्या टपावर दोरीनं बांधून. बाजारातल्या लोकांनी विचारलं म्हणे, "भाऊ, आता गाडीची दाढी करताय का?" खुर्चीचा खालचा फिरता भाग कापून तो गाडीच्या डावीकडच्या सीटखाली बसवायचा, म्हणजे सीट दाराकडे वळेल, माणसाचे पाय सरळ जमिनीवर येतील आणि त्यानं उठून उभं राहायचं. बेत झकास होता. कंपनीला सुचला नाही हे मात्र मला दहा वेळा ऐकवलं.

पहिली ट्रायल गोठ्यात जमिनीवर. मी बसले, भाऊंनी जरा ढकललं आणि मी गाय, उकिरडा, आमचं स्वयंपाकघर असं सगळं बघून परत जागेवर आले. दोनदा. "लई ढिलं झालं," भाऊ म्हणाले. पुढची ट्रायल गाडीत. या वेळी गुडघे पुढच्या डॅशबोर्डाखाली अडकले आणि डोकं दाराच्या वरच्या कडेवर आपटलं.

"बाई, डोकं जरा कमी करा."

"कमी करू म्हणजे कापून ठेवू का?"

मग सीट दोन बोटं खाली घेतली. दुसऱ्या दिवशी तीन बोटं मागं. भंगारातून एसटीतला धरायचा दांडा आणून दाराच्या पुढच्या बाजूला वेल्डिंग करून बसवला, वहिनींच्या उजव्या हाताला येईल असा. रोज सकाळी माझी कवायत. "बसा. वळा. दांडा धरा. उठा. परत बसा." डावा पाय वापरायचा नाही, डावा हात मांडीवर ठेवायचा. मी चुकून डावा हात टेकला की लगेच ओरडणार, "ह्यो हात तुमचा न्हाई!" वहिनी खिडकीतून बघायच्या. "आवं बाई, तुमी कशापायी त्यांच्या नादी लागताय? मी काय त्यात बसायची न्हाई," असं म्हणून आत जायच्या.

लग्न चार दिवसांवर आलं आणि सीट अर्ध्यात अडकायला लागली. भाऊ गाडीखाली, मी सीटवर वाकडी अडकलेली, वर तापलेला पत्रा. माझा तोल सुटला. म्हटलं, "भाऊ, पुरे झालं हे! आम्ही चार बायका धरून उतरवू त्यांना. चप्पल सरकली एकदा, म्हणून एवढा उपद्व्याप?"

खालची खटखट थांबली. मला फक्त पाय दिसत होते.

"चप्पल न्हाई सरकली, बाई," गाडीखालून आवाज आला. "माझा हात सुटला."

मी वाकून बघायला गेले, पण अडकलेलेच होते.

"कार्यालयाच्या अलीकडं इंजिनाचा पट्टा कुईकुई करत व्हता. उतरून बोनेट उघडलं. काय गरज व्हती? पोचलो असतो तसंच. पण ऱ्हावलं न्हाई. मग हात फडक्याला पुसला आन् तिला धरलं. ग्रीस व्हतं, बाई. तिनं सगळा भार टाकला आन् हात सटकला." पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "तिनं कुणाला सांगितलं न्हाई. मलासुदिक कधी बोलली न्हाई. मी काय पुन्हा तिला धरलं न्हाई. तुमी बाया येता, तुमी उठविता. माझ्या हाताचा मला भरवसा न्हाई."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पाना चालवायला घेतला. त्या माणसाला मी आठ वर्षं येडा म्हणत आले होते. माझे डोळे भरून आले आणि अडकल्यामुळे ते पुसायला वळताही येईना.

हे मी वहिनींना सांगितलं नाही. तसे लावालावीचे धंदे मी करत नाही. पण सीट सुटल्यावर तशीच उठून त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. "वहिनी, साडेतीन क्रेट वजनाची बाई मी. पन्नास वेळा त्या सीटवरून उतरले. डोकं आपटलं, गुडघे सोलले, पण एकदाही पडले नाही. आता तुम्ही लग्नाला येत नसाल तर माझे गुडघे भरून द्या."

वहिनींनी खिडकीतून बघितलं. बाहेर खटखट चालूच होती. मग वर्षभरात पहिल्यांदा त्यांना हसू फुटलं. म्हणाल्या, "हिरवी नेसू का जांभळी?"

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भाऊ चालवायला, वहिनी जांभळी पैठणी नेसून त्या सीटवर, मी मागे. मंचर मागं पडलं. वाटेत कुठं तरी पट्टा कुईकुई करायला लागला. मी पुढच्या सीटची पाठ धरली. भाऊंनी कान टवकारले, हात स्टीअरिंगवर घट्ट झाले, पण गाडी काही त्यांनी थांबवली नाही. कुईकुई करत आम्ही निरगुडसरला पोचलो.

मांडवात सनई लागलेली. गाडी बघून वहिनींचा भाऊ धावत आला, मागून पाचसहा धट्टीकट्टी माणसं, उचलायला. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. तेवढ्यात भाऊ उतरून पुढून वळसा घालून आले आणि केवढ्यांदा ओरडले, "कुणी हात लावायचा न्हाई! मागं व्हा!" सनईवाला पण थांबला.

त्यांनी दार उघडलं, खटका ओढला. सीट वळली आणि अर्ध्यात अडकली. देवा! भाऊंच्या कपाळावर घाम आला. मी मागून ढकलणार, इतक्यात वहिनींनीच उजव्या पायानं एक रेटा दिला आणि सीट खट्‌कन दाराबाहेर वळली. दोन्ही पाय जमिनीवर. माझ्या तोंडून हुश्श निघालं ते मांडवात ऐकू गेलं असेल.

आता फक्त दांडा धरायचा आणि उठायचं. भाऊ दोन पावलं मागं सरकले, हात पाठीमागं बांधून. वहिनी उठेनात. दांड्याला हातही लावीनात. मला वाटलं, भ्याल्या.

"आवं," वहिनी म्हणाल्या, "तिकडं काय उभं ऱ्हायलात? हात द्या."

"दांडा हाय की," भाऊ पुटपुटले.

"दांड्याला धरून मी माहेरच्या मांडवात जाऊ व्हय?"

भाऊंनी हात पुढे केले, देण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. पोरं जेवणाआधी दाखवतात तसे, उलटे आणि सुलटे. घासून घासून लाल झाले होते. "धुतल्यात," म्हणाले. "तरी पण इंदू..."

"मला ठावं हाय कसलं हात हायेत ते," वहिनी म्हणाल्या. "तवाबी ठावं व्हतं. द्या इकडं."

आणि त्यांनी आपला चांगला हात पुढे केला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला. वहिनींनी सगळा भार टाकला आणि उठून उभ्या राहिल्या. तिथं कुणालाच यातलं काही माहीत नव्हतं, पण मी भर मांडवाच्या दारात पदर तोंडाला लावून रडले, आणि सनईवाल्याला "वाजव की रे!" म्हणून खेकसले.

भाऊंनी वहिनींना हळूहळू चालवत पार पहिल्या रांगेत नेलं, बसवलं आणि शेजारी बसले. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मागेच होते, म्हणून मला ऐकू आलं. वहिनी हलकेच म्हणाल्या, "आवं, आता सोडा की हात. एकच तर हाय, अक्षता कशानं टाकू?"

भाऊंनी सोडला. वहिनींनी अक्षता टाकल्या, आणि भाऊंनी लगेच परत धरला.